माजी सैनिकांच्या जुन्या इमारतींचं पुढे काय होतं?

माजी सैनिकांच्या संघटनेची एखादी जुनी इमारत बंद पडली, की गावात दोन प्रश्न उठतात. ती आहे कुणाची, आणि आता तिचं करायचं काय? दुसऱ्या प्रश्नावर सगळे हिरिरीने बोलतात. कुणाला तिथे वाचनालय हवं असतं, कुणाला अभ्यासिका, कुणाला रस्त्याच्या बाजूने व्यापारी गाळे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र फार थोड्यांना माहीत असतं, आणि इमारतीचं नशीब नेमकं त्याच उत्तरावर ठरतं. धाराशिव जिल्ह्यात हे उत्तर शोधायचं कसं आणि ते सापडल्यावर हाती काय उरतं, ते इथे क्रमाने पाहू.

आधी एक फरक. ऑस्ट्रेलियात 1916 मध्ये, अमेरिकेत 1919 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1921 मध्ये परतलेल्या सैनिकांच्या मोठ्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांच्या शाखांनी गावोगावी स्वतःचे हॉल बांधले. वर्गणी सभासदांची आणि मालकीही शाखेचीच. संध्याकाळी तिथे बसायचं, खेळायचं, गेलेल्या सोबत्यांची नावं भिंतीवर लिहायची, असा तो क्लब. दुसऱ्या महायुद्धाची पिढी सरत गेली तशा अनेक शाखांना वीजबिल आणि विम्याचा खर्च झेपेना, आणि जागेला भाव आल्यावर हॉल विकले गेले. आपल्याकडे असा सभासदांच्या मालकीचा क्लब क्वचितच झाला. इथे सैनिकांसाठी जे बांधलं गेलं ते बहुतेक सरकारच्या हातून: विश्रामगृह, मुलांचं वसतिगृह, सैनिक मंडळाचं कार्यालय. त्यामुळे आपल्याकडच्या इमारती सहसा विकल्या जात नाहीत. त्या पडून राहतात, दुसऱ्या खात्याकडे जातात किंवा कागदोपत्री निकामी ठरून पाडल्या जातात.

मराठवाड्यात त्यातही वेगळेपण आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची मराठा पलटणींसाठीची भरती मुख्यतः सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या पट्ट्यात झाली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या एका युद्धात 46 माणसं गमावली, आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला तो कायमचा. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाची फौज वेगळी होती. त्या फौजेच्या घोडदळातले शिपाई पहिल्या महायुद्धात पश्चिम आशियात लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादच्या लान्सर्सचा आहे.

या जिल्ह्याचा फौजेच्या हिशेबाशी संबंध त्याहूनही जुना आहे. हैदराबाद कंटिन्जंट या पलटणींच्या पगाराची बाकी थकली म्हणून 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडासोबत नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. 1860 मध्ये तो परत मिळाला. मधल्या काळात इथला शेतसारा फौजेच्या पगारासाठी वसूल होत होता आणि कर्नल मेडोज टेलर नळदुर्गात बसून कारभार पाहत होता. पुढे 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य फळी निजामाच्या राज्यात शिरण्यासाठी सोलापूरकडून निघाली आणि तिने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. त्याच दिवशी नळदुर्ग परिसरात 2 शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. चार दिवसांनी, 17 सप्टेंबरला, निजाम शरण आला. सैनिक कल्याणाची भारतीय व्यवस्था या जिल्ह्याला लागू झाली ती त्यानंतरच.

ही व्यवस्था कशी चालते ते समजून घेतल्याशिवाय तिच्या इमारती समजत नाहीत. 1919 मध्ये इंग्रज सरकारने सैनिकांच्या प्रश्नांसाठी दिल्लीत एक मंडळ नेमलं. अनेक नावं बदलत ते 1975 मध्ये केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. त्याच्या खाली राज्याचं मंडळ, आणि त्याखाली जिल्हा सैनिक मंडळ. जिल्हाधिकारी या मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. रोजचं काम जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी पाहतात, आणि हे अधिकारी स्वतः फौजेतून निवृत्त झालेले असतात. राज्याचं मुख्य कार्यालय पुण्याला आहे. खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. शिवाय दरवर्षी 7 डिसेंबरला सुरू होणारं ध्वजदिन निधीचं संकलन. ही प्रथा 1949 पासूनची. शाळेत असताना आपण सगळ्यांनी तो छोटा कागदी झेंडा खिशाला टाचून घेतला आहे. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कल्याणाच्या कामांना तो पैसा जातो.

विश्रामगृह ही या व्यवस्थेची सगळ्यांत घरगुती बाजू. पेन्शनच्या कामाला, कोर्टाच्या तारखेला किंवा दवाखान्यात आलेल्या फौजीला तालुक्याहून येऊन त्याच दिवशी परतणं जमत नसे. परंडा किंवा उमरग्याच्या टोकाच्या गावातून एसटीने धाराशिव गाठायचं म्हणजे दिवस गेलाच. अशा माणसाला नाममात्र भाड्यात रात्रीपुरती खोली मिळावी, ही मूळ कल्पना. ओळखपत्र दाखवायचं, नोंदवहीत नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि येण्याचं कारण लिहायचं, की झालं. क्लब म्हणून कुणी बांधला नसला, तरी क्लब घडत गेला तो या नोंदवहीभोवती. एकाच पलटणीची दोन माणसं तीस वर्षांनी तिथल्या बाकावर भेटत. कुणाचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, अडला आहे, रेकॉर्ड ऑफिसला कागद कुणी पाठवायचा, कोणत्या विधवेला मुलीच्या लग्नाची मदत मिळू शकते, हे सगळं त्या बाकावर बोललं जाई. अर्ज लिहून देणारा एखादा निवृत्त क्लार्क हवालदार तिथे हमखास असे.

मग ही वर्दळ का ओसरली? फौजींनी एकमेकांकडे पाठ फिरवली म्हणून नव्हे. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी आणणारी कामं एकेक करून दुसरीकडे गेली. 2003 मध्ये माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आली आणि औषधपाण्याची रांग पॉलिक्लिनिकला लागू लागली. 2014 मध्ये जीवन प्रमाण सुरू झालं आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर गावातल्या सेवा केंद्रातून जाऊ लागला. त्यानंतर स्पर्श प्रणाली आली आणि पेन्शनचा सगळा कारभार संगणकावर गेला. यातलं प्रत्येक पाऊल म्हाताऱ्या माणसाच्या सोयीचंच आहे आणि ते परत फिरवावं असं कुणीही म्हणणार नाही. पण बाक रिकामा झाला तो यामुळेच, हेही खरं.

दुसरं कारण वयाचं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्यांपैकी आता अगदी मोजके हयात आहेत. 1965 आणि 1971 ची युद्धं लढलेले सत्तरी ओलांडून गेले. नवे निवृत्त होतात ते चाळिशीच्या आतबाहेर. त्यांच्यापुढे मुलांची शिक्षणं असतात, म्हणून ते सुरक्षारक्षकाची किंवा बँकेतली नोकरी धरतात आणि पुण्याला किंवा सोलापूरला राहतात. त्यांच्याकडे दुपार मोकळी नसते. आणि 2022 पासून अग्निवीर आले. चार वर्षांनी त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीचे पेन्शनशिवाय घरी येणार. माजी सैनिक म्हणून मिळणाऱ्या कॅन्टीन आणि दवाखान्याच्या सवलती त्यांना लागू नाहीत. गावच्या संघटनेत त्यांना सभासद करून घ्यायचं की नाही, हे मात्र संघटनेच्या घटनेवर अवलंबून आहे. माझ्या मते घ्यावंच. वर्दी उतरवून आलेल्या चोवीस वर्षांच्या पोराला त्या बाकाची गरज सुभेदारापेक्षा जास्त असेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ: इमारत कुणाची? दारावर ‘सैनिक’ शब्द असलेली पाटी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आपल्या जिल्ह्यात अशी इमारत साधारण तीनपैकी एका प्रकारात मोडते. ती शासनाची असेल, तर जमीन महसूल खात्याची, बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाचं आणि वापर सैनिक कल्याण विभागाचा. ती संघटनेची असेल, तर संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असायला हवी. तिसरा प्रकार गावातल्या सभागृहाचा. आमदार किंवा खासदार निधीतून ग्रामपंचायतीच्या जागेवर बांधलेलं आणि उद्घाटनाच्या कोनशिलेवर माजी सैनिकांचं नाव असलेलं. तिथे वापर फौजींचा असला, तरी मालकी स्थानिक संस्थेची असते. ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते आणि मनाला लागते.

शोध सुरू करायचा तो जमिनीपासून. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, शहरात नगरभूमापन झालं असेल तर मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीत असेल तर नमुना 8 चा उतारा. इतकं सगळ्या महाराष्ट्रात सारखं आहे. मराठवाड्यात मात्र एक पायरी आणखी खाली उतरावं लागतं, कारण इथलं जुनं रेकॉर्ड निजामाच्या काळातलं आहे. जमीन महसुलाचा कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907 चा. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो, हे लक्षात ठेवलं तर निम्मा गोंधळ संपतो. त्यानंतरचा मोठा आधार म्हणजे 1954-55 चं खासरा पत्रक. जागा तेव्हा कुणाच्या नावावर होती, ती सरकारी, गायरान, इनामी की खाजगी, हे त्यात दिसतं. मूळ नोंद उर्दूत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावी आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळवावी. नकलेवर शिक्का आणि तारीख आहे ना, ते तिथेच उभं राहून पाहावं.

शोधताना जिल्ह्याची नावं आणि हद्दीही आडव्या येतात. जिल्ह्याचं ठाणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नळदुर्गला होतं. 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर वेगळा झाला. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. म्हणजे 1982 पूर्वीची एखादी मंजुरी उस्मानाबादच्या नावाने निघालेली असेल आणि तिची फाईल आज लातूरच्या दप्तरात असेल, किंवा उलटही. दोन्हीकडे आणि दोन्ही नावांनी शोधावं.

जमीन सरकारने दिलेली निघाली, तर तो मंजुरीचा आदेश हा सगळ्यांत मोलाचा कागद. त्यात जागा कोणत्या प्रयोजनासाठी दिली आणि कोणत्या अटींवर, हे लिहिलेलं असतं. जमीन महसूल संहिता 1966 ची आणि सरकारी जमीन देण्याचे नियम 1971 चे. त्यांच्याखाली दिलेल्या जागेचा वापर बदलला, ती पोटभाड्याने दिली किंवा वर्षानुवर्षं पडीक ठेवली, तर शर्तभंग होऊ शकतो आणि जागा सरकारजमा होऊ शकते. उत्साहाच्या भरात समोर चार गाळे काढून भाड्याने दिले आणि त्यातूनच जागा हातची गेली, हे होऊ शकतं. उत्पन्न हवंच असेल, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. जमीन गायरान असेल तर वाट आणखी बिकट. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपालसिंग निकालानंतर राज्य शासनाने 12 जुलै 2011 च्या निर्णयाने गायरानाच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आहेत.

इमारत संघटनेच्या मालकीची निघाली तर धर्मादाय कार्यालयात जावं. तिथे संस्थेची परिशिष्ट 1 ची नक्कल मिळते. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, हे सगळं त्या एका कागदावर असतं. बहुतेक जुन्या संस्थांची अडचण या कागदावरच उघडी पडते. नावं असतात ती वारलेल्या माणसांची. कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो पंचवीस-तीस वर्षं कुणी दिलेला नसतो. निवडणूक झालेली असते, सत्कार झालेला असतो, इतिवृत्तही असतं, पण धर्मादाय कार्यालयाच्या लेखी संस्था जुन्याच माणसांच्या हाती. मग बँक खातं चालत नाही, वीजजोडणी नावावर होत नाही आणि अनुदानाचा अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो. उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून राहिलेले चेंज रिपोर्ट क्रमाने दाखल करणं, हा यावरचा सरळ उपाय. सगळेच विश्वस्त गेले असतील तर कलम 47 खाली नवे विश्वस्त नेमून घेता येतात. वेळ लागतो, पण वाट आहे.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. अशी मिळकत विकायला, अदलाबदल करायला, बक्षीस द्यायला किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ‘कमिटीने ठराव केला आहे’ म्हणून कुणी विसारपावती पुढे केली, तर सही करू नये. त्या भिंतींत रिटायर झालेल्या शिपायाच्या पहिल्या पेन्शनमधले रुपये आहेत. ते पाच जणांच्या ठरावाने विकण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मालकी ठरली की इमारतीची प्रकृती बघायची. इथे आपल्या जिल्ह्याला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरता येत नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूरइतकाच उमरगा आणि आजचा लोहारा भागही उद्ध्वस्त झाला. सास्तूरसारखी गावं कोसळली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. तशा बांधणीची जुनी इमारत असेल, तर रंगरंगोटीच्या आधी भिंत तपासावी. दगडी भिंत आत आणि बाहेर अशा दोन थरांची असते, मधे माती आणि कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील, तर पावसाचं पाणी आत शिरून भिंत फुगते. भिंतीला ओळंबा लावला की फुगवटा लगेच दिसतो. कोपऱ्यांतल्या उभ्या भेगा, दारांच्या चौकटीवरच्या तिरप्या भेगा, तुळईच्या टोकाला लागलेली वाळवी, ही पुढची लक्षणं. भूकंपानंतर याच भागात जुन्या भिंतींत आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड घालून आणि वरून पट्टा बांधून घरं मजबूत करण्याची कामं झाली. ती माहिती असलेले गवंडी आजही या तालुक्यांत मिळतात. माळवदावरची जादा माती उतरवणं हा तर सगळ्यांत स्वस्त आणि पहिला उपाय. वर्षानुवर्षं पाणी गळतं म्हणून थरावर थर चढवलेले असतात आणि ओझं वाढत गेलेलं असतं.

सरकारी इमारत असेल तर हीच तपासणी बांधकाम विभागाचे अभियंते करतात. दुरुस्ती परवडणार नाही असं ठरलं, की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. तो मंजूर झाला की इमारत सरकारी दप्तरातून वजा होते आणि दगड-लाकूड लिलावात निघतं. निर्लेखन हा शेवटचा कागद. माजी सैनिकांच्या बहुतेक हरकती लिलावाची नोटीस लागल्यावर येतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणणं मांडायचं ते तपासणीच्या टप्प्यावर, जिल्हा सैनिक मंडळाच्या बैठकीत, अध्यक्ष असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांसमोर आणि लेखी.

वाचलेल्या इमारतीचा वापर बदलला म्हणून ती वाया गेली असं मी मानत नाही. मुंबईतलं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम आठवावं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने ते खलाशांसाठी बांधलं आणि 1876 मध्ये ते उघडलं. 1928 मध्ये सरकारने घेऊन तिथे कायदेमंडळ भरवलं. नरिमन पॉइंटचं विधान भवन 1981 मध्ये झाल्यावर तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आलं. दीडशे वर्षांत तीन मालकांची कामं त्या इमारतीने केली आणि ती उभी आहे. उलट ज्यांना सांभाळणारा नेमलाच नाही अशा वास्तूंचं काय होतं, ते मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातल्या हुतात्मा स्मारकांवरून कळतं. बांधली सरकारने, पण झाडलोट आणि वीजबिल कुणी द्यायचं हे नीट ठरलं नाही, आणि अनेक गावांत कुलपं गंजली. मालकी आपल्याकडे ठेवून देखभाल करारावर सोपवण्याचा तिसरा रस्ता नळदुर्गच्या किल्ल्यात पाहायला मिळतो. किल्ला राज्य पुरातत्त्व खात्याचाच, पण संगोपन योजनेखाली त्याची निगा खाजगी संस्थेकडे दिली गेली. विश्रामगृहाच्या दोन खोल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला, एक भरतीपूर्व मार्गदर्शनाला आणि एक पूर्वीसारखी मुक्कामाला, असा करार जिल्हा मंडळाने एखाद्या शिक्षणसंस्थेशी केला तर वीजबिलाचा प्रश्न तिथेच मिटतो. करारात मुदत, दुरुस्ती कुणाकडे आणि माजी सैनिकांचा राखीव हक्क ही तीन कलमं स्पष्ट हवीत.

आणि इमारत वाचणारच नाही असं ठरलं, तर पाडायच्या आधी आतलं सामान बाहेर काढायचं. खुर्च्या-टेबलं नव्हे. भिंतीवरचा नावांचा फलक, पलटणीचे गटफोटो, पत्र्याच्या ट्रंकेतली इतिवृत्तं, आणि त्या मुक्कामाच्या नोंदवह्या. कोणत्या गावातून कोण कोणत्या पलटणीत गेला, याची खेडोपाडीची माहिती इतक्या बारकाईने दुसऱ्या कुठल्याच कागदावर नसते. आधी सगळ्याचे फोटो काढावेत, नोंदवहीचं पान न् पान. गटफोटोच्या मागे, ओळखू येतील त्यांची नावं शिसपेन्सिलने लिहावीत, आणि हे काम ओळखणारी माणसं आहेत तोवरच करावं. मग मराठा लाइट इन्फंट्रीचं असेल ते बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला, महार रेजिमेंटचं असेल ते मध्य प्रदेशातल्या सागरला रीतसर पत्र लिहून द्यावं, पोच घ्यावी आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ठेवावी. नावांचा फलक मात्र जिल्ह्याबाहेर जाऊ देऊ नये. ज्या गावांची नावं त्यावर आहेत, त्यांतल्या एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात तो लावता येतो. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव एवढं पुरतं.